रब्बीआधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

दिवाळीच्या सुमारास विहीर काठोकाठ भरलेली दिसते आणि नेमकी तीच गोष्ट दुष्काळी पट्ट्यातल्या गावाला फसवते. पाणी डोळ्यांना दिसत असल्यामुळे गव्हाचा पेरा वाढतो, एखादा शेतकरी उसाची लागण करतो, त्याचे पाहून शेजारी करतो, आणि फेब्रुवारी संपता संपता त्याच विहिरीत पंप फेस ओढू लागतो. पुढचे सर्वांना ठाऊक आहे: उभे पीक वाचवण्यासाठी कर्ज काढून बोअर, बोअर कोरडे गेले की जनावरांचा बाजार, आणि एप्रिलमध्ये टँकरची मागणी. या साखळीतला निर्णायक दिवस एप्रिलमध्ये नसून ऑक्टोबरात असतो. त्या वेळी गावाजवळ पाणी किती आहे हे मोजून, त्यातून पिण्यासाठी व जनावरांसाठी बाजूला काढून, उरलेल्यात कोणते पीक किती एकर बसते हे ग्रामसभेत ठरवण्याच्या कामाला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. हा लेख तो ताळेबंद प्रत्यक्ष कसा मांडावा याविषयी आहे.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पाणलोटाची कामे केलीच. पण वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या गावाचे पाणी टिकले, ते शेतीसाठी बोअर न घेण्याच्या, ऊस आणि केळी न लावण्याच्या आणि दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून पीक ठरवण्याच्या निर्णयांमुळे. डिसेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही ग्रामपंचायतीने पाण्याचा अंदाजपत्रकी हिशेब करणे हा मुख्य भाग ठेवण्यात आला. अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी हा हिशेब बाहेरून आलेला माणूस करतो, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो रंगवला जातो आणि पेरणी मात्र पूर्वीसारखीच होते. म्हणून पुढील प्रत्येक काम गावातल्याच माणसांनी करावयाचे आहे, असे धरून लिहिले आहे.

पहिले काम मे महिन्यात

ताळेबंदाची सुरुवात ऑक्टोबरात होत नाही. पावसाळ्यात पाणी किती वाढले हे कळण्यासाठी पावसाळ्यापूर्वी ते कुठे होते हे आधी माहीत असावे लागते. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गावातील सर्व विहिरींची यादी करावी: मालकाचे नाव, गट क्रमांक, खोली, व्यास, पंपाची अश्वशक्ती, विहिरीखाली भिजणारे क्षेत्र आणि विहीर साधारण कोणत्या महिन्यात आटते. बोअरची यादी वेगळी करावी आणि ती प्रामाणिक असावी. बोअरची खरी खोली सांगायला लोक कचरतात. त्यांना या यादीवरून कर किंवा कारवाई होणार नाही, हे यादी करणाऱ्याने आधी समजावून सांगावे.

यादीतील सर्व विहिरींची पातळी मोजत बसण्याची गरज नाही. आठशे हेक्टरांच्या गावाला पंधरा ते वीस निरीक्षण विहिरी पुरतात. मात्र त्या माथ्यावर, मधल्या टप्प्यात आणि पायथ्याला अशा तिन्ही ठिकाणी विखुरलेल्या असाव्यात. सगळ्या विहिरी ओढ्याकाठच्या घेतल्या तर हिशेब फुगतो. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक ठळक खूण करावी, जमिनीपासून त्या खुणेची उंची लिहून ठेवावी आणि यापुढची प्रत्येक मोजणी त्याच खुणेपासून करावी. मोजण्यासाठी टोकाला वजन बांधलेली साधी टेप चालते. मोजणीपूर्वी पंप किमान बारा तास बंद असावा, कारण नुकत्याच उपसलेल्या विहिरीची पातळी ही भूजलाची पातळी नसते. मोजलेल्या अंतरातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीखाली पाणी किती खोल आहे ते मिळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. गावानेही तेच महिने पाळावेत, म्हणजे आपल्या नोंदी यंत्रणेच्या नोंदींशी ताडून पाहता येतात.

पाऊस स्वतः मोजावा

महसूल मंडळाच्या ठिकाणच्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा सहज मिळतो. पण एका मंडळात अनेक गावे असतात आणि आपल्याकडचा पाऊस बांधाच्या अलीकडे पडून पलीकडे न पडणारा आहे. म्हणून शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या आवारात साधे पर्जन्यमापक बसवावे. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर राखावे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी. शाळेतील मुलांकडे हे काम दिल्यास नोंद सहसा चुकत नाही. फक्त रविवार आणि गणपतीच्या सुट्टीची व्यवस्था आधीच लावून ठेवावी.

येथे एक सूत्र पाठ असावे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी. समजा, एका काल्पनिक गावाचे क्षेत्र ८०० हेक्टर आहे आणि पाऊस ४५० मिलिमीटर झाला. तर ८०० गुणिले ४५० गुणिले १०, म्हणजे ३६ लाख घनमीटर पाणी गावावर पडले. सरकारी कागदांत हेच ३,६०० सहस्र घनमीटर किंवा टीसीएम असे लिहिलेले आढळते. लिटरमध्ये हा आकडा ३६० कोटी होतो आणि ग्रामसभेत तो ऐकून ‘एवढे पाणी असताना टंचाई कसली?’ असा प्रश्न कोणी तरी विचारतोच. उत्तर असे की त्यातले निम्म्याहून अधिक पाणी जमीन आणि पिके यांच्यावाटे वाफ होऊन जाते, काही ओढ्याने शिवाराबाहेर वाहून जाते आणि विहिरीत उतरणारा वाटा अगदी लहान असतो.

खडक किती पाणी धरतो

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. हा खडक स्पंजासारखा नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि फटींत. केंद्रीय पातळीवर भूजल अंदाजासाठी जे निकष वापरले जातात, त्यांत झिजलेल्या बेसॉल्टमध्ये पावसाचे सुमारे ७ टक्के आणि पोकळ्या व सांधे असलेल्या बेसॉल्टमध्ये सुमारे १३ टक्के पाणी मुरते असे धरतात. आपल्या उदाहरणात दोन्ही प्रकारचा खडक आहे असे मानून १० टक्के धरू, म्हणजे ३६० सहस्र घनमीटर. त्यात बंधारे आणि पाझर तलावांतून मुरणारे पाणी मिळवावे. गावातील सर्व बांधांची मिळून साठवण ६० सहस्र घनमीटर असेल, ते हंगामात दोनदा भरले असतील आणि त्यातले निम्मे मुरले असेल, तर आणखी ६० सहस्र घनमीटर मिळतात. साठवण मात्र आजची मोजावी. बांधाच्या मूळ अंदाजपत्रकातला आकडा गाळ साचल्यानंतर निरर्थक झालेला असतो. पावसावरून केलेल्या या अंदाजाची बेरीज ४२० सहस्र घनमीटर होते.

आता हाच अंदाज दुसऱ्या वाटेने पडताळावा, कारण एका पद्धतीवर विसंबणे धोक्याचे आहे. पाऊस थांबल्यावर, साधारण कोजागिरीच्या आसपास, त्याच निरीक्षण विहिरींची पातळी पुन्हा मोजावी. मे ते ऑक्टोबर या काळात पातळी सरासरी चार मीटर वर आली, ज्या भागात विहिरींना पाणी लागते ते क्षेत्र ५०० हेक्टर आहे आणि खडकाच्या एकूण घनफळापैकी २ टक्के घनफळातूनच पाणी उपसता येते असे धरले, तर ५०० हेक्टरांचे ५० लाख चौरस मीटर, गुणिले ४, गुणिले ०.०२, म्हणजे ४०० सहस्र घनमीटर. खरिपात झालेला उपसा या आकड्यातून आपोआप वजा झालेला असतो. दोन्ही आकडे जवळ आले तर लहान आकडा घ्यावा. फार फरक पडला तर पाणीधारक क्षेत्र बहुधा जास्त धरले गेले आहे. अशा वेळी यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिकाला गावात बोलावून शिवार दाखवावे.

मुरलेले सगळे पाणी आपल्या हाती लागत नाही. उताराच्या गावात त्याचा बराच भाग जानेवारीपर्यंत झऱ्यांवाटे ओढ्यात निघून जातो. म्हणून ४०० पैकी ७० टक्के, म्हणजे २८० सहस्र घनमीटरच वापरण्याजोगे धरावेत. सत्तर टक्के हा काटेकोर नियम नसून सावधगिरीचा आकडा आहे. सपाट शिवारात तो थोडा वाढवता येईल, माथ्याच्या गावात तो कमीच करावा.

आधी पिणारे, मग पीक

जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरलेले आहे. पंधराशे लोकसंख्येला त्या हिशेबाने वर्षाला सुमारे ३० सहस्र घनमीटर लागतात. सहाशे मोठ्या जनावरांना दररोज ६० लिटर धरल्यास १३, आणि पाचशे शेळ्यामेंढ्यांना प्रत्येकी सहा लिटर धरल्यास एक सहस्र घनमीटर लागतात. ही बेरीज सुमारे ४४ होते. पाऊस लांबला तर काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यावर आणखी १६ राखून ठेवावेत आणि एकूण ६० सहस्र घनमीटर पाणी शेतीच्या हिशेबातून बाहेर काढावे.

हे पाणी कागदावर राखून चालत नाही, ते विशिष्ट विहिरींत राखावे लागते. ज्या विहिरीवर नळयोजना आहे, तिच्या आसपासचा उपसा थांबवला नाही तर राखीव पाणी शेजारच्या उसात जाते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास १९९३ च्या भूजल कायद्याने मनाई केली होती, आणि त्यानंतरच्या २००९ च्या कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून तिच्यावर नियंत्रण आणले. कायद्याचा आधार आहे खरा. पण शेजाऱ्यावर तक्रार करण्यापेक्षा त्या पाचशे मीटरांतल्या शेतकऱ्यांना रब्बीत कमी पाण्याचे पीक घेण्यासाठी ग्रामनिधीतून बियाणे देणे जास्त उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

राहिलेले २२० सहस्र घनमीटर शेतीसाठी. गव्हाला हेक्टरी सुमारे ४,५०० घनमीटर, हरभऱ्याला २,५०० आणि पाटाने भिजवलेल्या सुरू, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस लावलेल्या, उसाला २२,००० घनमीटर धरले, तर या गावात फक्त गहू घेतल्यास ४९ हेक्टर, फक्त हरभरा घेतल्यास ८८ हेक्टर आणि फक्त ऊस घेतल्यास १० हेक्टर भिजते. आठशे हेक्टरांच्या गावात दहा हेक्टर ऊस म्हणजे सात-आठ घरांचे पीक. तेवढ्यानेच गावाचे शेतीचे पाणी संपते. पिकांच्या गरजेचे आकडे जमिनीनुसार आणि भिजवण्याच्या पद्धतीनुसार बदलतात. आपल्या भागासाठीचे आकडे राहुरीच्या किंवा आपल्या विभागाच्या कृषी विद्यापीठाकडून घ्यावेत. उभ्या फळबागांचे पाणी आधी वजा करावे, कारण डाळिंब किंवा मोसंबीच्या झाडाला ‘यंदा थांब’ असे सांगता येत नाही. भारी काळ्या जमिनीत केवळ ओलीवर येणारी रब्बी ज्वारी मात्र या हिशेबात धरू नये. ती विहिरीचे पाणी मागत नाही आणि वर कडबा देते, म्हणून ताळेबंदात तिच्यासारखे दुसरे पीक नाही.

घनमीटरांचे तास करावेत

इथपर्यंतचा हिशेब दोन-चार हुशार मुले एका दिवसात करू शकतात. तो गावाच्या गळी उतरवणे हे खरे काम आहे, आणि घनमीटर या शब्दाने ते होत नाही. शेतकरी पाणी मोजतो ते तासांत. म्हणून गावात सर्वसाधारण असलेल्या पंपाखाली दोनशे लिटरचा ड्रम ठेवून तो किती सेकंदांत भरतो हे सर्वांसमक्ष मोजावे. चाळीस सेकंदांत भरला, तर पंप सेकंदाला पाच लिटर, म्हणजे तासाला १८ घनमीटर पाणी फेकतो. आता एक एकर गहू म्हणजे १०० तास, एक एकर हरभरा म्हणजे ५५ तास आणि एक एकर ऊस म्हणजे ४९० तास. गावाजवळ शेतीसाठी एकूण सुमारे १२,२०० तास आहेत. हा आकडा फळ्यावर लिहिला की चर्चेचा सूर बदलतो, कारण आपला पंप दिवसाला किती तास चालतो हे प्रत्येकाला पाठ असते आणि वीज किती तास येते हेही.

येथेच सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो: हे तास कोणाचे? गावात ५५ चालू विहिरी असतील तर विहिरीमागे २२२ तास येतात, म्हणजे दोन एकर गहू किंवा चार एकर हरभरा. पण घरे ३०० असतील तर घरामागे ४१ तासच येतात. जमिनीखालचे पाणी विहीर खोदणाऱ्याच्या मालकीचे मानायचे की ज्यांच्या शिवारात ते मुरले त्या सर्वांचे, हा या दोन आकड्यांमधला फरक आहे. माथ्यावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने चर खोदू दिले, भूमिहीन घरांनी श्रमदान केले, आणि पाणी पायथ्याच्या विहिरीला वाढले, असे पाणलोटाच्या प्रत्येक गावात घडते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने याला स्पष्ट उत्तर दिले होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही, आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांचा.

खासगी विहिरींच्या गावात हे जसेच्या तसे उतरवणे कठीण आहे. निदान तीन गोष्टी मात्र ठरावात लिहून घेता येतात. विहीर नसलेल्या शेजाऱ्याच्या हरभऱ्याला किंवा ज्वारीला किमान एक संरक्षित पाणी ठरलेल्या दराने द्यावे. पाझर तलावातील मासे आणि गायरानावरील गवत यांचा पहिला हक्क भूमिहीन घरांना असावा. आणि चाऱ्यासाठीचे काही तास दुधाचा धंदा करणाऱ्या, पण विहीर नसलेल्या घरांसाठी राखावेत. शेवटची गोष्ट उपजीविकेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण दुष्काळी गावात रोजचा पैसा दुधातून येतो आणि दूध चाऱ्यावर चालते. हिवरे बाजारने चराईबंदी करून डोंगरावरचे गवत कापून आणण्याची पद्धत लावली. गवत वाढले तसे दूध वाढले आणि ज्यांच्याकडे ओलिताची जमीन नव्हती त्यांनाही गावात राहण्याचे कारण मिळाले.

ग्रामसभा आणि ठराव

ग्रामसभा गव्हाच्या पेरणीपूर्वी, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी. पेरा झाल्यावर घेतलेली सभा निव्वळ उपचार ठरते. सभेच्या आधी आठ दिवस वाडी-वस्त्यांवर छोट्या बैठका घ्याव्यात, त्यांत महिलांची बैठक वेगळी घ्यावी. टँकरच्या रांगेत कोण उभे राहते हे लक्षात घेतले तर पिण्याच्या राखीव पाण्यावर कोणाचा आवाज आधी ऐकावा हे सांगण्याची गरज उरत नाही. ठरावात पिकवार क्षेत्र, उसावर किंवा नव्या फळबागेवर घालायची मर्यादा, नव्या बोअरविषयीचा निर्णय आणि नियम मोडल्यास काय, हे स्पष्ट लिहावे. दंडापेक्षा ग्रामनिधीच्या सवलती बंद करणे आणि पुढच्या वर्षी तास कमी करणे हे उपाय टिकतात. दंड वसूल करायला गेलेला माणूस सहसा निवडणूक हरतो.

दोन पळवाटा आधीच बंद कराव्यात. पहिली ठिबकची. ठिबकने एकरी पाणी वाचते, यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर मालकाने आणखी दोन एकर भिजवले तर गावाचे काहीच वाचत नाही. म्हणून ठिबक असलेल्यालाही तास तेवढेच द्यावेत आणि क्षेत्र त्याने ठरवावे. दुसरी पळवाट प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याची. ओढ्याचे वाहून जाणारे पाणी त्यात भरले तर ते तळे उपकारक आहे, पण नोव्हेंबरात विहिरीतून पंपाने भरलेले तळे म्हणजे सर्वांचे पाणी एकाच्या कुंपणात नेणे होय. त्यातही मोठा तोटा आहे. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. जानेवारी ते मे या काळात दिवसाला सरासरी सात मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर त्यातले आठशेच्या आसपास घनमीटर उन्हात उडतात. जमिनीखाली असताना हेच पाणी जवळजवळ सुरक्षित होते. शेततळी ताळेबंदात धरायचीच असतील तर ती उपशाच्या बाजूला धरावीत.

मधली तपासणी

जानेवारी आणि मार्चमध्ये त्याच विहिरींची पातळी पुन्हा घ्यावी आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मागील वर्षाच्या आकड्यांशेजारी लिहावी. जानेवारीतच पातळी अपेक्षेपेक्षा एक मीटरने खाली गेली असेल तर उन्हाळी भुईमूग, उन्हाळी बाजरी आणि भाजीपाला यांचा पेरा थांबवण्याची हीच वेळ असते. पाण्याचे तास कोणी पाहायचे हा प्रश्न नेहमी निघतो. प्रत्येक वस्तीने आपला एक पाणीकरी नेमावा, त्याला ग्रामनिधीतून मानधन द्यावे आणि त्याने आठवड्यातून एकदा पंपांच्या नोंदी वहीत कराव्यात. पहिल्या वर्षी या नोंदी निम्म्या खऱ्या असतील. तरीही त्या सोडू नयेत, कारण नोंद चुकीची असली तर शेजारीच ती दुरुस्त करून घेतो.

पहिल्या वर्षी ताळेबंद चुकेल, आणि बहुतेक वेळा तो जास्त पाणी दाखवण्याच्या बाजूने चुकेल. चूक कुठे झाली हे शोधण्यासाठी मेमध्ये राहिलेल्या पाण्याचा आकडा ऑक्टोबरात धरलेल्या आकड्याशेजारी मांडावा, खडकाची २ टक्के आणि वापराची ७० टक्के ही गृहीतके त्यानुसार खाली-वर करावीत, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वीची पातळी त्याच कठड्यावरच्या त्याच रंगीत खुणेपासून मोजून नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.